तेजोमेघाला रंग कोणता द्यावा?



मी मनमाडच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आकाश हा माझा शिकवण्याचा विषय नव्हे, छंद आहे; आणि छंदाबद्दल बोलायला मिळाले की माणूस घड्याळाकडे पाहत नाही. तेव्हा काचेपलीकडून केंद्राच्या मंडळींनी हात वर केला की मी थांबेन, एवढे आधीच कबूल करून ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत नांदगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी दुर्बीण घेऊन गेलो होतो. दिवसा वर्गात एक मोठे रंगीत चित्र दाखवले. मृग नक्षत्रात तीन तारे एका ओळीत असतात, ज्यांना आपल्याकडे खेड्यात तिकांडे म्हणतात, त्यांच्या खाली जो मोठा तेजोमेघ आहे त्याचे ते चित्र. मध्ये निळसर उजेड, भोवती सोनेरी, कडांना तांबूस. मुले आ वासून पाहत राहिली. मी म्हटले, "रात्री हाच तुम्हाला दुर्बिणीतून दाखवणार आहे." रात्री रांग लागली. सातवीतल्या एका मुलीने डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि बाजूला होऊन म्हणाली, "सर, हे तर राखेसारखं दिसतंय. मग रंग कुणी भरले?"

मागे तीस मुले थंडीत कुडकुडत उभी होती. मी घाईघाईने सांगितले, "अगं, कॅमेऱ्याला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात." तिचे समाधान झाले की नाही कोण जाणे, पण शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींनी मान डोलावली आणि हे उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे म्हणून वहीत टिपून घेतले. माझे ते उत्तर अर्धे खरे होते आणि अर्धे खोटे. त्यातले खोटे परत आणावे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी खरे अर्ध. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दांड्याच्या आकाराच्या पेशी मंद उजेडातही काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. चांदण्या रात्री शेतात उभे राहून पाहा. दिवसा लालभडक दिसणारे लुगडे काळपट दिसते. तेजोमेघाचा उजेड चांदण्याहूनही फिका. मृगातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. तेव्हा त्या मुलीला राख दिसली यात तिच्या डोळ्याचा दोष नाही आणि दुर्बिणीचाही नाही. कॅमेरा मात्र पाच पाच मिनिटे उघडा ठेवता येतो आणि त्यात थेंबाथेंबाने उजेड साठतो. इथपर्यंत माझे उत्तर बरोबर होते.

आता खोटे अर्ध. आमच्या त्या कॅमेऱ्याला जास्त रंग दिसतात म्हणालो. वस्तुतः त्याला एकही रंग दिसत नाही! तो फक्त काळ्या-पांढऱ्या छटा टिपतो. त्याच्या पुढे आम्ही एक गाळणी बसवतो. चहाची नव्हे, प्रकाशाची. रंगीत काचेच्या चकतीसारखी.

ही गाळणी काय करते ते रेडिओच्या श्रोत्यांना सांगणे सोपे आहे. या क्षणी तुमच्या घराभोवतीच्या हवेत अनेक केंद्रांच्या लहरी एकदमच भरलेल्या आहेत. तुम्ही रेडिओचा काटा एका ठिकाणी आणता, मग हेच केंद्र ऐकू येते आणि बाकीची गप्प बसतात. आमची गाळणीही तसाच काटा जुळवते. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्या रुंद पट्ट्यातून आमची गाळणी जेमतेम तीन ते सात नॅनोमीटरची फट उघडी ठेवते आणि बाकीचा प्रकाश अडवते.

मनमाडसारख्या गावाला ही मोठी सोय. इथे रेल्वेच्या यार्डात रात्रभर दिवे जळतात. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. तो गाळणीबाहेर राहतो आणि आकाश पुन्हा काळे होते. नवे पांढरे दिवे आले तेव्हापासून ही सोय कमी झाली, कारण त्यांच्यात सगळेच रंग मिसळलेले असतात. म्हणून आम्ही येवल्याच्या वाटेवर अनकाई-टनकाईच्या पायथ्याशी जातो.

काटा कुठे जुळवायचा? तेजोमेघ हा पोकळीत पसरलेला अतिविरळ वायू. जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तो उजळतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक जागीच प्रकाश देते. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला, म्हणजे लाल. गंधक ६७१.६ आणि ६७३.१ ला, म्हणजे तोही लालच, जरा गडद. ऑक्सिजन ५००.७ ला, म्हणजे निळसर हिरवा. छायाचित्रे काढणारे लोक बहुधा या तीन केंद्रांवर काटा लावतात.

या तिसऱ्या रेषेची कथा मला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तिचा एक धागा आपल्या पुण्यात आहे. १८६४ साली इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग वर्णपट दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या मोजक्या झगझगीत रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा घोळका नव्हता, वायू होता. त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ओळखीच्या द्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे, ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे. तसे असेल तर रेषेची एक बाजू पुसट दिसायला हवी. हगिन्स म्हणत, ती दोन्हीकडून रेखीव आहे. वाद विलायतेत पेटला होता.

त्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे वेधशाळा उभी राहिली होती आणि तिच्यात डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली वीस इंच आरशाची दुर्बीण होती. नायगमवालांनी ती याच मृगातल्या तेजोमेघाकडे वळवली आणि १८९१ साली कळवले की ही रेषा कशीही पाहिली तरी रेखीवच दिसते. पुण्यातून पाहिलेली एक हिरवी रेघ लॉकियरसारख्या बड्या माणसाच्या मताविरुद्ध उभी राहिली. नायगमवालाही माझ्यासारखेच एम. ए. होते, अर्थात साम्य तिथेच संपते! ते निवृत्त झाले आणि १९१२ साली वेधशाळाही बंद झाली, उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यात त्यांची आठवण याहून अधिक राहायला हवी होती असे मला वाटते.

त्या रेषेचे कोडे मात्र १९२७ साली सुटले. अमेरिकेच्या आयरा बोवेन यांनी दाखवले की दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनच हा प्रकाश देतो. पण इतका विरळ वायू पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत नसतो, म्हणून ती रेषा कोणाला ओळखता आली नव्हती.

असो. तर अनकाईच्या पायथ्याशी तीन गाळण्यांतून, एकेक करून, कित्येक तास छायाचित्रे घेतली की आमच्या हाती तीन चित्रे येतात, तिन्ही काळी-पांढरी. एक हायड्रोजन कुठे आहे ते सांगते, दुसरे गंधक कुठे आणि तिसरे ऑक्सिजन कुठे. यापुढे प्रश्न उभा राहतो: कोणाला कोणता रंग द्यावा?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचे काय? निसर्गाने दिला तोच द्यावा. मलाही तसेच वाटे. हायड्रोजनला लाल, गंधकालाही लाल, ऑक्सिजनला निळसर हिरवा. पण असे केले की हायड्रोजन आणि गंधक एकमेकांत मिसळून जातात. दोन रात्री जागून वेगळे केलेले दोन वायू आपणच पुन्हा एका भांड्यात ओतले! चित्र निसर्गाशी प्रामाणिक झाले, पण मुके झाले.

म्हणून दुसरी रीत निघाली. ज्याची लहर सर्वांत लांब त्या गंधकाला लाल, मधल्या हायड्रोजनला हिरवा आणि सर्वांत आखूड लहरीच्या ऑक्सिजनला निळा. क्रम निसर्गाचाच ठेवला, फक्त अंतर वाढवले. ही रीत जगभर पसरली ती हबल दुर्बिणीच्या एका चित्रामुळे. १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या तीन खांबांची छायाचित्रे घेतली. शाळांच्या भिंतींवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर तुम्ही ते चित्र पाहिले असेल. त्यात हिरवट दिसतो तो हायड्रोजन, ज्याचा आपला रंग लाल आहे!

मग हे खोटे म्हणायचे का? इथे मी माझ्या धंद्याकडे वळतो. वर्गातल्या भिंतीवरचा भारताचा प्राकृतिक नकाशा आठवा. सखल प्रदेश हिरवा, पठार पिवळे, डोंगर तपकिरी. कच्छचे रण त्या नकाशावर हिरवेगार असते. तिथे हिरवळ आहे असे कोणी म्हणतो का? मुले म्हणतात, बरे का. पाचवी-सहावीतली मुले दरवर्षी म्हणतात, आणि गुरुजी त्यांना नकाशाच्या कोपऱ्यातली सूची दाखवतात: हिरवा म्हणजे कमी उंची. सूची वाचली की नकाशा खरा होतो. सूची फाडून टाकली तर तोच नकाशा मुलांना फसवतो. मी त्या शाळेत फाडलेल्या सूचीचा नकाशा घेऊन गेलो होतो.

आणि सूची हाती असली म्हणजे त्या रंगांतून काय काय वाचता येते ते पाहा. अणूमधला इलेक्ट्रॉन काढून घ्यायला ठरावीक ऊर्जा मोजावी लागते. बाजारभावासारखे समजा. गंधकाचा पहिला इलेक्ट्रॉन स्वस्त, दहा रुपयांच्या थोडा वर. हायड्रोजनचा साडेतेरा रुपयांच्या थोडा वर. ऑक्सिजनचा पहिलाही तेवढ्याच किमतीचा, पण दुसऱ्याला आणखी पस्तीस रुपये पडतात. (शास्त्रज्ञांच्या हिशेबात रुपयाच्या जागी इलेक्ट्रॉन-व्होल्ट घाला, आकडे तेच.) आता, पस्तीस रुपये मोजणारे श्रीमंत किरण फक्त अतितप्त ताऱ्याजवळ सापडतात. म्हणून ऑक्सिजनची ती रेषा, चित्रातला निळा रंग, ताऱ्याच्या आसपास असतो. गंधकाचे उलटे. ताऱ्याजवळ त्याचा दुसराही इलेक्ट्रॉन लुटला जातो आणि मग ती लाल रेषा उमटत नाही. ती उमटते दूर काठावर, जिथे फक्त गरीब किरण पोचतात. म्हणजे निळ्याकडून सोनेरीकडे आणि तिथून तांबड्या कडेकडे जाताना तुम्ही ताऱ्याच्या अंगणातून गावकुसापर्यंत चालत गेलात. सगळे लालच रंगवले असते तर ही वाट दिसली नसती.

पण निवड इथेच संपत नाही, आणि खरी खटपट पुढेच आहे. हायड्रोजन गंधक-ऑक्सिजनच्या कितीतरी पट उजळ असतो. तिन्ही चित्रे जशीच्या तशी एकत्र केली की सगळा तेजोमेघ शेवाळलेल्या विहिरीसारखा हिरवा दिसतो. म्हणून दुबळी चित्रे उजळवावी लागतात, हिरवा कमी करावा लागतो. मग हिरवा आणि लाल मिळून तो प्रसिद्ध सोनेरी रंग येतो. यात एक गोम आहे. तारे तिन्ही गाळण्यांतून सारखेच दिसतात. लाल आणि निळे चित्र उजळवले की ताऱ्यांचाही लाल-निळा वाढतो आणि ते जांभळट-गुलाबी होतात. असे तारे आकाशात नसतात. काही जण साध्या रंगीत कॅमेऱ्याने ताऱ्यांचे वेगळे छायाचित्र घेऊन ते वर बसवतात. मला ते पटते, मात्र सूचीत तसे लिहावे.

किती उजळवावे याला नियम नाही. माझा स्वतःचा दंडक एवढाच की जे तिन्ही काळ्या-पांढऱ्या चित्रांपैकी एकातही नाही, ते रंगीत चित्रात आणायचे नाही. रंग आपला, आकार आकाशाचा. ब्रशाने कड ओढून खांब उठावदार केला की ती चित्रकला झाली. चांगली कला असेल, पण तिला छायाचित्र म्हणू नये.

इतके सगळे जुळवून मी सोनेरी-निळ्या रीतीवर खूश होतो. तेवढ्यात आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने माझे समाधान मोडले.

मनमाड हे रेल्वेचे गाव. मुंबई, भुसावळ, दौंड, संभाजीनगर अशा चारी दिशांना इथून रूळ जातात आणि अनेक घरांतली पोरे इंजिन चालवण्याचे स्वप्न पाहतच मोठी होतात. हा मुलगा त्यांतलाच. त्या नोकरीसाठी रंगदृष्टीची तपासणी असते. ठिपक्यांच्या चकतीत लपलेला आकडा ओळखायचा. याला तो दिसला नाही. त्याला लाल आणि हिरवा हे रंग नीट वेगळे करता येत नाहीत, हे घरात कोणाला तोवर ठाऊकच नव्हते. ही तपासणी उगीच नाही. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर फ्रिथिऑफ होल्मग्रेन या प्राध्यापकाने रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वेच्या नोकरांची दृष्टी तपासण्याची पद्धत घालून दिली. नियम योग्य आहे हे त्या मुलालाही मान्य होते. पण वीस वर्षांचे पोर ते. महिनाभर कोणाशी धड बोलले नाही.

मन रमावे म्हणून मी त्याला अनकाईला नेऊ लागलो. काळी-पांढरी चित्रे निवडण्यात, एकावर एक रचण्यात त्याचा हात माझ्याहून स्थिर. पण मी रंग भरून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "सर, तुम्ही गंधकाची कड म्हणता ती मला दिसतच नाही. सगळं एकाच खाकी रंगाचं आहे. निळं तेवढं वेगळं दिसतंय."

मी सूची सूची म्हणून एवढा नाचत होतो, आणि माझी सूची त्याला वाचताच येत नव्हती. त्या रात्री मनात आले ते सांगतो. आपल्या डोळ्यात तीन प्रकारचे शंकू आहेत, म्हणून आपण तीन गाळण्यांना तीन रंग देऊन मोकळे होतो. हायड्रोजनच्या रेषेच्या अगदी शेजारी नायट्रोजनचीही रेषा आहे. तिच्यासाठी चौथी गाळणी लावली, तर चौथा स्वतंत्र रंग आपण कुठून आणणार? तिथे तुम्ही-आम्ही सगळे त्या मुलाच्याच बाकावर. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ साली त्याच गरुडातल्या खांबांची चित्रे घेतली ती अवरक्त प्रकाशात, जो कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही. तिथले सगळे रंग वाटून दिलेलेच. आणि जुन्नरजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची जी प्रचंड दुर्बीण आहे ती तर तुमच्या या रेडिओचीच थोरली बहीण. तिच्या चित्रांना तरी रंग कुठला?

तेव्हा आम्ही दोघांनी मिळून नवी वाटणी केली. लाल-हिरवा भेद ज्यांना कळत नाही त्यांनाही निळा आणि पिवळा हे बहुधा वेगळे दिसतात. म्हणून ऑक्सिजनला निळा, हायड्रोजनला पिवळा. गंधक उरले. तीन वायू दोन रंगांत बसत नाहीत. बसवायला गेले की एक दुसऱ्याला झाकतो. मी गंधक सोडून द्या म्हणत होतो. तो म्हणाला, "सोडायचं कशाला? शेजारी तसंच काळं-पांढरं लावू." खरेच, उमटलेली कड त्या काळ्या-पांढऱ्या चित्रात जितकी स्वच्छ दिसते तितकी माझ्या रंगीत चित्रात कधी दिसली नव्हती.

शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे: असे चित्र वर्गात लावाल तेव्हा आधी तीन काळी-पांढरी चित्रे दाखवा, मग रंगीत. खाली तीन ओळी लिहा, कोणत्या वायूला कोणता रंग. ज्या चित्राखाली अशा ओळी नसतील, ते शोभेला लावा, पण त्यावरून धडा देऊ नका. आणि मुलांना स्वतः रंग द्यायला सांगा. वर्गात लाल-हिरव्यात घोटाळणारे एखादे मूल असेल तर तेही कदाचित तिथेच कळेल; नोकरीच्या दारात कळण्यापेक्षा ते बरे.

त्या शाळेत मी गेल्या पौषात पुन्हा गेलो. गुरुजींना वहीतले ते वाक्य खोडायला लावले. ती मुलगी आता नववीत आहे. तिला पिवळे-निळे चित्र दाखवून सगळा हिशेब सांगितला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग पुढच्या वेळी रंग मी ठरवू?"

तिच्यासाठी एकशृंग तारकासमूहातला गुलाबाच्या आकाराचा तेजोमेघ निवडला आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रात्री पुऱ्या झाल्या. गंधकाच्या दोन रात्री बाकी होत्या, त्या ढगांनी खाल्ल्या. तेव्हा आता पुढच्या थंडीची वाट पाहणे आले. काचेपलीकडून हात वर झालेला दिसतो आहे. नमस्कार.